पांढरी पाचची घरघर: नौपाड्यातल्या स्टील गिटार अँपची आतापर्यंतची नोंद

अँप आहे पीव्हीचा सेशन ४००, १९७०च्या दशकातला. ट्रान्झिस्टरवाला, २०० वॅट, १५ इंची एकच स्पीकर. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या काकांचा. त्यांचे थोरले भाऊ जहाजावर होते, त्यांनी तो अमेरिकेहून आणला. काकांनी तो ऑर्केस्ट्रात वर्षानुवर्षं वाजवला, मग गुडघे आणि जिने यांचं जमेना तसा तो पलंगाखाली गेला. हवाईयन, म्हणजेच स्टील गिटार मात्र अजून रोज मांडीवर असते. व्हॅन शिपली, हजारा सिंग यांच्या रेकॉर्डी ऐकून हात बसलेली ही पिढी.

"चालू होतो रे, पण गातो," काका म्हणाले. "पांढरी पाचमध्ये गातो, आणि तेही चढा."

पांढरी पाच म्हणजे पेटीवरची पाचवी पांढरी पट्टी; आणि गातो म्हणजे काही न वाजवताही घरघरतो. मला ते गंमतीचं वाटलं. घरी आणून ट्यूनर लावला तर म्हातारा अचूक! आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, अँपमधल्या रेक्टिफायरने एसीचा डीसी केला की तिची घरघर होते १०० हर्ट्झ. खालच्या सप्तकातली पांढरी पाच ९८ हर्ट्झला. म्हणजे साधारण एक तृतीयांश अर्धस्वर चढा. अमेरिकेत हाच अँप १२० हर्ट्झला घरघरला असता, काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधोमध; तिथे कुणाला पट्टी सांगता आली नसती.

जून, पहिला रविवार. सिरीज बोर्डवर, म्हणजे अँपची वीज आधी बल्बमधून नेऊन, १०० वॅटचा पिवळा बल्ब लावून सुरुवात. (एलईडी चालत नाही, फिलामेंटचाच हवा. हल्ली शोधावा लागतो.) बल्ब क्षणभर पेटला आणि मंद झाला, म्हणजे आत सरळ शॉर्ट नाही. स्पीकर काढून ठेवला होता. या जातीच्या अँपमध्ये आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर पूर्ण डीसी स्पीकरवर जातो, आणि ४ ओहमवर २०० वॅट द्यायचे म्हणजे आत निदान ४० व्होल्टच्या वर रेल (आतला डीसी पुरवठा) असणारच. कॉइल सेकंदात जळेल. आउटपुटला डीसी भरला १४ मिलिव्होल्ट. इथे मी पहिला चहा घेतला.

तारेचं प्रकरण. यावर जरा जास्त लिहितो, कारण पावसाळा आहे आणि आपल्यातले बरेच स्टीलवाले परदेशी अँप नुसत्या स्टेपडाउनवर (व्होल्टेज उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) चालवतात.

या अँपचा मेन स्विच तीन जागांचा आहे, मधली बंद, दोन्ही बाजू चालू. एका बाजूला टाकला की एक छोटा कंडेन्सर चेसिसला (अँपच्या धातूच्या सांगाड्याला) मेनच्या, म्हणजे भिंतीतून येणाऱ्या विजेच्या, एका तारेशी जोडतो, दुसऱ्या बाजूला टाकला की दुसऱ्या तारेशी. दोन पिनी प्लगच्या काळात, जिकडे घरघर कमी तिकडे स्विच ठेवायचा, इतकाच त्याचा उपयोग. तो कंडेन्सर लीक झाला की मेन चेसिसवर. चेसिसवरून गिटारच्या वायरीच्या जाळीवर, तिथून गिटारच्या तारांवर. आणि स्टीलवाल्याचा हात कुठे असतो? डाव्या हातात लोखंडी बार सगळ्या तारांवर टेकलेला, उजव्या हातात धातूच्या नख्या. पाय अनवाणी, ओल्या फरशीवर. इतर कुठल्याही गिटारवाल्यापेक्षा आपण जास्त पक्के जोडलेले असतो. तो कंडेन्सर मी सगळ्यात आधी कापला, तीन पिनांची वायर लावली, अर्थ चेसिसला स्वतंत्र बोल्टने.

जुनं ते तसंच राखावं असं मानणारे रागावतील. रागवा.

मग ट्रान्सफॉर्मर. ठाण्यातल्या एका वाइंडिंगवाल्याला सांगितलं, २३० ते १००, दोन वेगळी वाइंडिंग. तो म्हणाला, "साहेब, ऑटो करून देतो की, तांबं कमी लागेल. आणि अमेरिकेचं ना? मग ११० पाहिजे."

दोन्हीला नाही म्हटलं. ऑटोमध्ये मेन आणि अँप एकाच वाइंडिंगवर. प्लग उलटा बसला किंवा न्यूट्रल तुटला की अँपच्या 'कमी' व्होल्टेजच्या तारेवरही जमिनीच्या मानाने पूर्ण २३० असू शकतात. आणि १०० यासाठी की आतला ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेला. ५० हर्ट्झवर त्याच व्होल्टेजला गाभ्यात एक पंचमांश जास्त चुंबकत्व भरतं, तो तापतो आणि स्वतःच गुणगुणतो. १२० ला ५० ने गुणा, ६० ने भागा: १००. आमच्या घरी मेन २३८ असते, त्यामुळे प्रत्यक्षात १०३ मिळतात. ताकद सुमारे दीडशे वॅटवर येते. नौपाड्यातल्या दोन खोल्यांना पुरावी.

लॅमिंग्टन रोड, मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, भर पावसात. घरघर गाळणारे मोठे फिल्टर कंडेन्सर त्याच मूल्याचे, ६३ व्होल्टचे घेतले. जुन्यांच्या निम्म्या जाडीचे निघाले, क्लॅम्पमध्ये खुळखुळायला लागले. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून बसवले. आउटपुट ट्रान्झिस्टर घेतले नाहीत. आतले कंपनीने स्वतःचे नंबर छापलेले आहेत, चालू आहेत, आणि बाजारात वरून चकचकीत छापलेला माल कसा असतो ते आपण जाणतो. फक्त त्यांची उष्णता पुढे नेणारी जुनी, खडू झालेली पेस्ट पुसून नवी लावली. अभ्रकाच्या चकत्या शाबूत होत्या, त्याच परत बसवल्या. सोडवण्याआधी रेल, म्हणजे कंडेन्सरांत साठलेली वीज, रिकामे केले १० वॅटच्या रेझिस्टरने. स्क्रूड्रायव्हरने फटाका वाजवायची सवय ज्यांना आहे त्यांनी ती सोडावी.

पॉट्स (नॉबमागचे फिरते रेझिस्टर): क्लीनर, पन्नास वेळा फिरवणे, संपलं. खाडीची हवा आहे, दोन वर्षांनी परत करावं लागेल.

जून, शेवटचा रविवार. स्पीकर जोडला. पीव्हीचाच ब्लॅक विडो आहे, चार बोल्ट सोडले की कोनसकट पिंजरा मॅग्नेटवरून सुटा होतो. उघडला, फटीतला गंज चिकटपट्टीने टिपला, परत बसवला. दीड व्होल्टच्या सेलने 'टप्' केलं. घासत नाही.

अँप चालू केला. घरघर गेलेली. मी खूश. रिव्हर्ब (आवाजाला घुमाव देणारा नॉब) चार वर नेला, आणि पांढरी पाच परत आली.

आता इथे मी तीन संध्याकाळी वाया घालवल्या, केवळ कान फसल्यामुळे. सूर तोच, म्हणून आजार तोच, असं धरून मी नव्या कंडेन्सरांवर संशय घेतला, सोल्डरचे डाग पुन्हा मारले, रेक्टिफायरचा ब्रिज बदलला. ऐकायला हवं होतं ते सप्तक. १०० हर्ट्झची घरघर करकरीत असते, तिच्यात वरच्या सुरांची धार असते. ही होती ५० ची, एक सप्तक खाली, गुळगुळीत, तंबोऱ्याच्या खर्जासारखी. ५० म्हणजे फिल्टर नव्हे, मेनचं चुंबकीय क्षेत्र थेट कुठल्या तरी कॉइलमध्ये शिरतंय.

काकांना फोनवर ऐकवलं. "हा वेगळा आहे," ते लगेच म्हणाले. "हा पोटातून येतोय."

रिव्हर्बचा घुमाव तयार करणारं स्प्रिंगांचं पत्र्याचं खोकं खाली अँपच्या पेटीच्या तळाशी. त्याची आउटपुट कॉइल मोजली, सुमारे २०० ओहम, उत्तम. पण त्या टोकाचा रोख सरळ ट्रान्सफॉर्मरकडे. मागे कुणीतरी खोकं काढून उलटं बसवलेलं. जुन्या स्क्रूंची भोकं दुसऱ्या बाजूला स्पष्ट दिसत होती, माझंच लक्ष गेलं नव्हतं. चार स्क्रू, खोकं फिरवलं, वायरी जेमतेम पुरल्या. रिव्हर्ब सातवर नेला तरी पांढरी पाच नाही. थोडी सळसळ आहे, ती राहू दे.

काल. काका वर आले, एकेक पायरी घेत. मधले सूर ८०० हर्ट्झच्या आसपास थोडे कापले की स्टीलचा नाकातला आवाज जातो, ते मी करायच्या आधीच त्यांनी बोटाने केलं. अर्धा तास वाजवलं. लांबवलेला सूर विरत विरत गेला आणि त्याच्या खाली काहीच नव्हतं. त्यांनी दोनदा वाकून पायलट लॅम्प पाहिला, अँप बंद तर नाही ना म्हणून.

शेजारच्या काकूंनी दार वाजवून विचारलं, रेडिओ कुठला लागलाय.

राहिलेलं: एक नॉब, कोपऱ्याचं फाटलेलं रेक्झिन, आणि काकांचं व्हॉल्यूम पेडल. त्याचा पॉट इतका झिजलाय की अँपची घरघर गेल्यावर आता त्याचीच खरखर ऐकू येते. पुढच्या रविवारी तो उघडतो.