आमची वाटचाल : सोलापूर ते लक्षद्वीप

अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर. एका टेम्पो ट्रॅव्हलरवर आमचा व्यवसाय सुरू झाला तो या तीन ठिकाणांच्या भाविकांमुळे. हिवाळ्यात उजनीच्या जलाशयावर रोहित पक्षी दाखवायला लोकांना नेऊ लागलो आणि या कामाची खरी गोडी तिथं लागली. दुर्बीण परत देताना मंडळी विचारायची, "आणखी कुठं काय दिसतं?" त्या प्रश्नामागं जात जात आम्ही समुद्रापर्यंत पोचलो.

लक्षद्वीपची छत्तीस बेटं, त्यांतल्या दहांवर वस्ती. सगळी जमीन मिळून जेमतेम ३२ चौरस किलोमीटर. आपलं सोलापूर शहर कितीतरी मोठं. प्रवेशपरवाना काढायचा, जयंती जनता एक्सप्रेसनं एर्नाकुलम गाठायचं आणि कोचीहून जहाजात बसायचं. रात्री प्रवास, दिवसा बेट: कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, तेव्हा आम्ही नेतच नाही.

बेटांभोवती प्रवाळाचा कठडा असल्यानं जहाज बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि लहान होडीतून आत जावं लागतं. आतलं पाणी उथळ, शांत, तळ दिसेल इतकं नितळ. तिथं मास्क लावून, नळीतून श्वास घेत पालथं तरंगायचं. पोपटमासा प्रवाळ कुरतडतो त्याचा कटकट आवाज पाण्याखाली स्पष्ट ऐकू येतो. तो खडक खातो आणि त्याची वाळू होऊन बाहेर पडते. किनाऱ्यावरच्या पांढऱ्या वाळूचा बराच भाग अशाच माशांनी तयार केलेला. हिरवी कासवं तळाचं समुद्री गवत चरतात आणि श्वासासाठी वर येतात. अगदी हाताच्या अंतरावर आलं तरी कासवाला हात लावायचा नाही, त्याच्या वर येण्याच्या वाटेत थांबायचं नाही, हा आमचा पक्का नियम आहे.

आमच्याकडच्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला असतो, त्यात डोकं घातलेलं नसतं. म्हणून सोलापुरातच जलतरण तलावावर सराव घेतो. नाकानं श्वास घ्यायची सवय मोडायला वेळ लागतो, घाई केली की माणूस घाबरतो. झुपकेदार मिशी असली की मास्कमध्ये पाणी शिरतं, त्यावर व्हॅसलिनचा थर हा उपाय. बायकांना पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि लेगिंग सांगतो; उन्हापासून बचाव होतो, संकोचही राहत नाही. सराव न केलेल्याला पाण्यात उतरवत नाही, मग तो कितीही जुना ग्राहक असो.

प्रवाळ म्हणजे जिवंत प्राणी. त्यावर पाय टेकला तर वर्षानुवर्षांची वाढ मोडते. वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे, तुटका तुकडाही घरी आणता येत नाही. १९९८, २०१० आणि २०१६ साली समुद्र तापून इथली पुष्कळ प्रवाळं पांढरी पडली, मेली. २०२४ मध्ये पुन्हा तेच झालं. नोंदणीच्या वेळीच हे सांगतो, कारण जाहिरातीतला रंगीबेरंगी तळ सगळीकडे मिळेलच असं नाही. काही जण तिथंच माघार घेतात. जे येतात ते मात्र नीट बघतात.

पुढच्या हंगामात सातवी-आठवीच्या मुलांचा गट, पालकांसह, करायचं ठरवलं आहे. लहान मापाचे मास्क मागवले आहेत, तलावावरचा सराव दिवाळीच्या सुट्टीत सुरू होईल.