ट्रॅक्शन लावायला आलेले काका

मी फिजिओथेरपिस्ट, तालुक्याच्या गावात ओपीडी चालवते. त्या दिवशी मार्केट यार्डात हमाली करणारे एक काका बायकोचा हात धरून आले, म्हणाले मॅडम ते मणक्यातलं गॅप परत दुखायलंय, मागच्या वेळी ट्रॅक्शन लावलं होतं तसंच लावा, दुपारी गाडी खाली करायचीय. ट्रॅक्शन म्हणजे कंबरेला पट्टा बांधून मणक्याला ताण देणं.

मागच्या वेळी एकच पाय दुखत होता. तसं असलं की मी पेशंटला धीर देते, कारण दोन मणक्यांमधली गादी, म्हणजे चकती, सरकून नस दबली तरी बहुतेकांचं काही आठवड्यात ऑपरेशनशिवाय बरं होतं. पण आदल्या दिवशी सकाळी पोतं उचलताना कंबरेत कळ आली आणि तेव्हापासून दोन्ही पायात मुंग्या होत्या. दोन्ही पाय म्हटल्यावर मी सरळ विचारलं, काका लघवी नीट होते का? ते म्हणाले हो हो सगळं ठीकंय, आणि खाली बघायला लागले. काकूच बोलल्या, अहो सांगा की, रात्रीपासून कपडे ओले होतायत म्हणून.

मग हळूहळू सगळं निघालं. लघवी लागल्याचं कळत नाही, नुसती थेंब थेंब गळते आणि बसलं तर खाली काही टेकलंय असं वाटतच नाही. पडदा ओढून मांडीच्या आतून आणि कुल्ल्यांवर कापूस फिरवला, त्यांना काहीच कळलं नाही. टाचेच्या वर हातोडीने ठोकलं की पाऊल आपोआप हलतं, ते घोट्याचे रिफ्लेक्स दोन्हीकडे गायब.

आपला मज्जारज्जू माकडहाडापर्यंत जात नाही, मोठ्या माणसात तो कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि त्याखाली घोड्याच्या शेपटीसारखा नुसता नसांचा झुबका असतो. त्यातल्या अगदी बारीक नसा लघवी, संडास आणि बसायच्या जागेची संवेदना सांभाळतात. चकती सहसा मागे आणि एका बाजूला सरकते म्हणून एकच पाय दुखतो, पण मोठा तुकडा बरोबर मधे आला तर अख्खा झुबका चेपतो. आणि अशात लघवी गळते ती मूत्राशय तुडुंब भरून वरचं सांडतं म्हणून, भरल्याचं कळतच नाही त्यामुळे दुखतही नाही, आणि घरच्यांना वाटतं वयामुळे होतंय. हा दाब साधारण ४८ तासांच्या आत निघाला तर नसा परत येण्याची आशा जास्त, अन् काकांचा एक दिवस तर गेलेलाच.

काका म्हणे आज इंजेक्शन द्या, हजेरी बुडेल, जिल्ह्याला उद्या जातो. मी म्हटलं काका, उद्या गेलात तर आयुष्यभर लघवीची पिशवी लावून फिरायची वेळ येऊ शकते, आत्ताच्या आत्ता निघा. एवढं कडक मी पेशंटशी बोलत नाही पण दुसरा इलाजच नव्हता. ओळखीच्या स्पाइन सर्जनना फोन केला, काकूंच्या भावाने जीप आणली. तिकडे कॅथेटर म्हणजे लघवीची नळी घातल्यावर जवळजवळ लिटरभर लघवी निघाली, मोठ्या माणसाला ४००-५०० मिलीलाच जोराची लागते! एमआरआयमधे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली चकती पूर्ण मधे फुटलेली. रात्रीच ऑपरेशन झालं.

पायाची कळ लगेच गेली. लघवीला मात्र वेळ लागला, काही आठवडे स्वतः नळी घालायला शिकावं लागलं, आता नळीशिवाय होते. पोती बंद झाली, अडत्याने त्यांना काट्यावर पावत्या लिहायला बसवलंय. डाव्या पायाच्या चवड्यावर अजून उभं राहता येत नाही, त्याचे व्यायाम चालू आहेत.