देवमाशाजवळची ड्युटी

आज बडोद्याच्या कमाटीबागेत शाळांच्या सहली, त्यामुळे म्युझियममध्ये सकाळपासून गलका. मी इथे अटेंडंट, आज देवमाशाच्या सांगाड्याजवळ होतो. मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला, लांबी ७० फुटांच्या वर. एका चिमुरडीनं विचारलं, "काका, आनुं पेट क्यां छे?" (याचं पोट कुठंय?) मी खाली बसून तिला बरगड्यांमधली रिकामी जागा दाखवली. असे प्रश्न आले की पायांचा ठणका विसरायला होतो.

संध्याकाळी शेजारच्या काकूंचा मुलगा विचारत होता, ही नोकरी कशी मिळते? अटेंडंटला कलेची पदवी सहसा लागत नाही. जागा जाहिरातीतून निघतात, कुठे कंत्राटदारामार्फत भरतात. अटी नीट वाचायच्या. गुजराती-हिंदी सफाईनं बोलता यायला हवं. आणि नजर सतत लोकांच्या हातांवर! आमच्याकडे बडोद्यातल्याच अकोटा भागात सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती आहेत, शेकडो वर्षं टिकलेल्या. बोटांच्या घामातल्या क्षारानं कांस्य गंजतं. म्हणून "हात लावू नका" हे दिवसभर सांगायचं, पण न ओरडता. मूल घाबरलं तर परत येणार नाही.

पुढे शिकायचं तर सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून म्युझिऑलॉजीचा, म्हणजे संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे. काकूंचा मुलगा रविवारी येतोय, आधी तासभर माझ्याजवळ उभा राहून बघ म्हटलंय.