तुम्ही विचारलेत म्हणून: गालापागोसचे प्राणी माणसाला खरोखरच घाबरत नाहीत का?

आमच्या घरी बैठकीच्या खोलीत निळ्या पायांच्या बूबी पक्ष्याचे एक छायाचित्र लावलेले आहे. पक्षी मान तिरकी करून उभा आहे आणि त्याच्या डोळ्यातला पिवळा रंगही स्पष्ट दिसतो. हे छायाचित्र साध्या मोबाइलवर, झूम न लावता काढले आहे असे सांगितले, की घरी आलेला पाहुणा हमखास विचारतो, की तिथले प्राणी माणसाला खरोखरच घाबरत नाहीत का? चहा होईपर्यंतच्या वेळात मी ‘नाही घाबरत’ एवढेच सांगत आले आहे. ते उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे, म्हणून आज सविस्तर लिहिते.

गालापागोस हा इक्वाडोर देशाचा द्वीपसमूह दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला सुमारे हजार किलोमीटर अंतरावर, प्रशांत महासागरात आहे. ही बेटे खंडापासून तुटून निघालेली नाहीत. समुद्रतळातून उफाळलेल्या लाव्ह्याचे थर साचत ती एकेक करून पाण्याबाहेर आली, आणि ज्या भूपट्टावर ती उभी आहेत तो पूर्वेकडे सरकत असल्यामुळे एस्पान्योलासारखी पूर्वेची बेटे जुनी व झिजलेली, तर पश्चिमेची फर्नांदिना आणि इसाबेला ही तरुण व अजूनही जागृत आहेत. सांतियागो बेटावर सुलिव्हान उपसागराच्या काठी सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे तसा गोठलेला दिसतो, पीळ घातलेल्या दोरखंडांसारखा. सह्याद्रीच्या कातळावर वाढलेल्या मला त्यावर हात ठेवताना विशेष वाटले, कारण दगड तोच आहे, बसाल्ट. आपला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि तो माझ्या पणजीच्या काळातला.

प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात इथेच आहे. जी जमीन कधीच खंडाला जोडलेली नव्हती, तिथे पोहोचले ते उडत, पोहत किंवा वाहत आलेल्या झाडाझुडपांच्या तराफ्यांवरून. कासव आणि सरडे अन्नपाण्यावाचून दीर्घकाळ तग धरू शकतात, त्यामुळे ते पोहोचले. कोल्ह्याला किंवा रानमांजराला ते जमण्यासारखे नव्हते. परिणामी, जमिनीवरून चालत येऊन झडप घालणारे मोठे सस्तन प्राणी या बेटांवर लाखो वर्षे नव्हतेच. ज्याच्यापासून धोका नाही त्याला घाबरून पळणे म्हणजे शक्ती आणि वेळ वाया घालवणे होय, आणि निसर्ग असली उधळपट्टी फार काळ चालू देत नाही.

मात्र हे प्राणी निर्भय आहेत असे म्हणणे चूक ठरेल. फर्नांदिनाच्या पुंता एस्पिनोसा या टोकावर समुद्री इग्वाना शेकड्यांनी, एकमेकांच्या अंगावर पाय टाकून, उन्हात पडलेले असतात. लाव्ह्याइतकेच काळे, घोरपडीच्या अंगलटीचे हे सरडे समुद्रात बुडी मारून शेवाळ खातात आणि पोटात गेलेले जादा मीठ नाकावाटे फवाऱ्यासारखे शिंकरून टाकतात. त्या फवाऱ्याने त्यांच्या डोक्यावर मिठाची पांढरी टोपी जमलेली असते. मी त्यांच्याजवळ बसले होते. एकाने माझ्या दिशेने शिंक दिली आणि पुन्हा डोळे मिटले. तेवढ्यात मागच्या झुडपातून मॉकिंगबर्ड नावाचा छोटा पक्षी कर्कश ओरडला आणि क्षणात सगळ्या माना वर झाल्या. घारीच्या जातकुळीतला गालापागोस हॉक आला, की मॉकिंगबर्ड आपल्या भाईबंदांसाठी तशी हाक देतो. इग्वानाला स्वतःचा आवाज नाही, तरी या परक्या पक्ष्याची ती हाक तो ओळखतो आणि सावध होतो, असे संशोधकांनीही दाखवून दिले आहे. म्हणजे भीती आहे, आणि ती अगदी नेमकी आहे. तिच्यात आपले नाव नाही, एवढेच.

आपले नाव त्यात असायला हवे होते, इतके आपण त्यांचे वाईट केले आहे. पनामाचे बिशप तोमास दे बेर्लांगा १५३५ साली भरकटत या बेटांवर पोहोचले, तेव्हा इथल्या पक्ष्यांना पळून कसे जावे हेही कळत नाही आणि त्यातले पुष्कळ हातानेच पकडले गेले, असे त्यांनी स्पेनच्या राजाला कळवले होते. त्यानंतर बरोबर तीनशे वर्षांनी, १८३५ मध्ये, चार्ल्स डार्विन पाच आठवडे इथे होता. फांदीवर बसलेल्या हॉकला त्याने बंदुकीच्या नळीच्या टोकाने ढकलले होते, आणि फ्लोरियाना बेटावर विहिरीशी छडी घेऊन बसलेला एक मुलगा पाणी प्यायला येणारी कबुतरे आणि फिंच नावाचे चिमणीएवढे पक्षी त्या छडीने मारून जेवणासाठी साठवत होता, अशी नोंद त्याने केली आहे. त्या मुलाजवळच्या पक्ष्यांचा ढीग माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. शेजारचा पक्षी मरून पडलेला दिसत असतानाही पुढचा पाणी प्यायला येतच राहिला.

कासवांचे त्याहून वाईट झाले. वर्षभर अन्नपाण्यावाचून जिवंत राहण्याची जी ताकद त्यांना या बेटांवर घेऊन आली होती, तीच देवमाशांच्या शिकारी जहाजांना सोयीची ठरली. खलाशी कासवे उचलून जहाजाच्या तळाशी रचून ठेवत आणि महिनोन्‌महिने ताजे मांस खात. अशी एक लाखाहून अधिक कासवे नेली गेली असावीत, असा अंदाज आहे. पिंता बेटावरचे शेवटचे कासव, ‘लोनसम जॉर्ज’, २४ जून २०१२ रोजी गेले आणि त्याच्याबरोबर त्याचे कूळ संपले.

पुढचा प्रश्न साहजिकच येतो, की इतके सोसूनही त्यांना भीती कशी शिकता आली नाही? थोडी शिकता येते. कुत्री आणि मांजरे माणसाबरोबर बेटांवर आल्यानंतर समुद्री इग्वानांचा अभ्यास झाला, तेव्हा एकदा पकडून सोडलेला इग्वाना पुढच्या वेळी जरा लवकर पळतो, पण कुत्र्यापासून जीव वाचेल इतका लवकर नव्हे, असे आढळले. लाखो वर्षांत जे अंगी मुरले आहे ते थोड्या पिढ्यांत बदलत नाही. म्हणूनच तिथले नियम मला जाचक वाटले नाहीत. १९५९ पासून बेटांची सुमारे ९७ टक्के जमीन राष्ट्रीय उद्यानात आहे. परवानाधारक गाईडशिवाय बहुतेक ठिकाणी उतरता येत नाही, एका गाईडमागे सोळाच प्रवासी असतात, आणि प्राण्यापासून दोन मीटर दूर राहावे लागते.

हे दोन मीटर आपण पाळायचे असतात, प्राणी पाळत नाहीत. एस्पान्योलावर मी बूट घालायला दगडावर बसले, तर साळुंकीपेक्षा जरा मोठा मॉकिंगबर्ड टुणटुणत आला, त्याने बुटाची नाडी ओढून पाहिली आणि मग पाण्याच्या बाटलीच्या झाकणावर चोच आपटू लागला. त्या बेटावर गोडे पाणी जवळजवळ नाहीच, आणि बाटलीत पाणी असते हे त्यांना प्रवाशांमुळे कळले आहे. झाकणभर पाणी द्यावे असे मला फार वाटले. गाईडने मान हलवली आणि मी बाटली पिशवीत टाकली. पक्षी काही वेळ पिशवीवरच बसून राहिला.

कोणाला जायचे असेल तर एवढेच सांगते, की जून ते नोव्हेंबर हवा थंड व धुकट असते, पाणी गार असते आणि समुद्रात जीवसृष्टी भरपूर असते; डिसेंबर ते मे उकाडा आणि पाऊस असतो, पण समुद्र शांत असतो. अल्बट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी पाहायचा असेल तर एप्रिल ते डिसेंबरमध्येच जावे, कारण बाकीचे महिने तो समुद्रावर असतो. वस्तीच्या बेटावर राहून रोज बोटीने ये-जा करणे स्वस्त पडते, पण फर्नांदिना पाहायचे तर बोटीवरच मुक्काम करावा लागतो.

आता ते छायाचित्र. ते नॉर्थ सेमूर बेटावरचे आहे. पायवाट दाखवणारा काळा-पांढरा खुंट त्याच्या कोपऱ्यात दिसतो, कारण त्या बूबीने अगदी वाटेच्या कडेलाच अंडे घातले होते. त्याला काड्यांचे घरटे लागत नाही. स्वतःच्या विष्ठेचे पांढरे कडे जमिनीवर उमटले, की तेच त्याचे घर. गाईडने आम्हाला वळसा घालून नेले आणि मी त्या वळणावरून छायाचित्र काढले. पक्षी माझ्याकडे पाहतो आहे असे सर्वांना वाटते. नीट पाहिले तर त्याचा डोळा वर, आकाशाकडे आहे. माझ्या डोक्यावर तेव्हा एक फ्रिगेट, म्हणजे इतर पक्ष्यांचे भक्ष्य हिसकावणारा समुद्रपक्षी, घिरट्या घालत होता, आणि तो दिसेनासा होईपर्यंत बूबीने मान सरळ केली नाही.