टाकाऊतून न टाकवणारं

‘टाकाऊतून टिकाऊ’ हे शब्द कोणी जोडले देव जाणे, पण त्याच्या घरात लहान मूल नसणार. टिकाऊ कसलं? बुचांच्या चाकांची मोटार संध्याकाळपर्यंत एका कुशीवर कलते. मोज्याच्या सशाचा डोळा दुसऱ्या दिवशी कपाटाखाली सापडतो. आणि गंमत म्हणजे न टिकणारी ही वस्तू टाकताही येत नाही. रिकामं खोकं मी बिनदिक्कत फेकते, पण त्याच खोक्यावर दोन डोळे आले, त्याचं बारसं झालं, की माझा हात थबकतो. कचरा कमी करायला निघावं आणि घरात एक माणूस वाढावा, तसं होतं.

चमकीला मात्र मी घरात थारा देत नाही. चमकी म्हणजे प्लॅस्टिकचा भुगा. एकदा पुठ्ठ्यावर चिकटली की तो पुठ्ठा पुन्हा कागद व्हायच्या लायकीचा राहत नाही, आणि चटईतून ती महिनाभर निघत राहते ते वेगळंच. पिठाची खळ, दोरा, बोथट टोकाची कात्री, बस्स.

खरी मजा पुठ्ठ्यात आहे. खोक्याचा पुठ्ठा आतून नागमोडी असतो. त्या नळ्यांच्या दिशेने दुमडला तर सरळ घडी पडते, आडवा दुमडला तर वेडावाकडा मोडतो. हे मी लेकीला सांगायच्या बेतात होते, तेवढ्यात घराचं छप्पर दोनदा मोडून तिने तुकडा आपणहून फिरवला. मी गप्प बसले. (मोठ्यांनी गप्प बसणं हा या उद्योगातला सगळ्यात अवघड भाग आहे. आपल्याला ससा चित्रातल्यासारखा हवा असतो, त्यांना तो उडणारा हवा असतो.)

गेल्या आठवड्यात मात्र मला राहवलं नाही. शर्टाच्या खोक्याचं पारदर्शक झाकण हाती लागलं आणि मी शोभादर्शक करायला बसले. डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८१६ साली तो शोधला आणि पुढच्याच वर्षी त्याचं पेटंट घेतलं, तरी लोकांनी सर्रास नकला केल्या. मग आपण आणखी एक केली तर काय बिघडलं! झाकणाच्या सारख्या रुंदीच्या तीन पट्ट्या कापल्या, पाठीला काळा कागद लावला आणि त्रिकोणी नळी करून ती पुठ्ठ्याच्या गोल नळीत सरकवली. आरसा कुठेच नाही. पण प्रकाश अगदी तिरका पडला की साधं प्लॅस्टिकही आरशासारखं वागतं. टोकाला ट्रेसिंग पेपर, त्याच्या आत मणी, तुटकं बटण आणि रंगीत पेन्सिलीची सालपटं. उजेडाकडे धरून फिरवलं, तर त्या सालपटांच्या लाल कडांची फुलंच फुलं पसरली, पार डोळ्याच्या कडेपर्यंत.

लेकीने पाहिलं. ‘आई, परत!’ मग परत, आणि परत. त्यानंतर अर्धा तास नळी माझ्याच डोळ्याला होती. हे जपून ठेवायचं, असं मी मनाशी ठरवलं आणि ती पुस्तकांच्या कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली.

काल बघते तर फळी रिकामी. खाली फरशीवर मोज्याचा ससा एका बोगद्यातून डोकं बाहेर काढून बसलेला. बोगदा ओळखीचा वाटला. बाजूला तीन पट्ट्या, काळा कागद आणि मणी नीट वेगळे मांडून ठेवलेले.

‘अगं, ते शोभादर्शक होतं ना?’

‘हो. पण नळी तेवढी एकच होती,’ ती म्हणाली. ‘आणि सालपटं टाकून दिली मी. कचरा होता.’