घरच्या डेस्कटॉपवर आल्मालिनक्स

देवगडात पाऊस लागला की वीज जाते, पाठोपाठ नेटही. अशा जागी दर ६ महिन्यांनी नवी आवृत्ती काढणारं फेडोरा (लिनक्सचा एक प्रकार; लिनक्स म्हणजे विंडोजसारखी संगणक चालवणारी प्रणाली) मला परवडत नाही. एका आवृत्तीला जेमतेम १३ महिने अपडेट. म्हणून मी आल्मालिनक्स ९ हा दुसरा प्रकार घेतला. रेड हॅट कंपनीच्या व्यावसायिक रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सशी सुसंगत, फुकट, आणि सुरक्षा अपडेट २०३२ पर्यंत! कर्नल (प्रणालीचा गाभा) ५.१४च राहतो, दुरुस्त्या मात्र त्यातच येत राहतात. आंब्याच्या पेट्यांचा हिशेब लिबरऑफिसमध्ये ठेवायला आणखी काय हवं? व्हीएलसी वगैरे फ्लॅटपॅकवरून (वेगवेगळ्या लिनक्सवर चालणारी ॲप देणारी सोय) घेते. डाउनलोड मोठं असतं, रात्री लावून ठेवायचं. जुनं मशीन असेल तर एक बघा: रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० ला एक्स८६-६४-व्ही३ (इंटेल-एएमडीच्या तुलनेने नव्या पिढीचा) प्रोसेसर लागतो, आल्मालिनक्स १० मात्र त्याहून जुन्या व्ही२ साठीही वेगळी प्रत देतं.