आठवड्याची गोळी आणि सकाळचा चहा

आमच्या मेडिकलात हाडांच्या गोळीची चिठ्ठी घेऊन येतात त्या बहुतेक साठीपुढच्या काकू. चिठ्ठीवर अलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. चार गोळ्यांची स्ट्रिप हातात घेतली की पहिला प्रश्न ठरलेला, "एवढ्याच?"

खरी अडचण चहाची. ही गोळी अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे निदान अर्धा तास चहा, दूध, दुसरी गोळी काही म्हणता काही नाही. आधीच पोटात गेलेल्या औषधातला शंभरावा हिस्सासुद्धा रक्तात उतरत नाही. त्यात दुधातलं कॅल्शियम भेटलं, की तेवढंही वाया. एवढं समजावल्यावर "मग कोरा घेतला तर?" असं विचारणारी कुणीतरी असतेच. कोरासुद्धा नाही, काकू!

आणि गोळी घेऊन परत अंथरुणात शिरायचं नाही. अन्ननलिकेत रेंगाळली तर तिथे जखम करते. तो अर्धा तास बसा, उभ्या राहा, अंगण झाडा.

परवा एकीने विचारलं, "सोमवारी माझा उपास. गोळीनं मोडतो का हो?" मी म्हटलं, मंगळवार धरा. तर म्हणाल्या, "नको, उपासाच्या दिवशी ध्यानात तरी राहील." पटलं. स्ट्रिपच्या मागे पेनाने ठळक 'सोम' लिहून दिलं.

पाळी गेल्यावर हाड झिजायचा वेग भरून येण्याच्या वेगाला मागे टाकतो. हे औषध हाडात जाऊन बसतं आणि झिजवणाऱ्या पेशींना आवरतं. तिथे ते वर्षानुवर्षं राहतं, म्हणून साधारण पाच वर्षांनी डॉक्टर काहींना मध्ये विश्रांतीही देतात. ती त्यांनीच ठरवायची. "आता बरं वाटतंय" म्हणून आपणच बंद करणाऱ्यांवर माझा राग आहे. हाड ठिसूळ होताना दुखत नाही, मग बरं कशावरून वाटलं?

दात काढायचा असेल तर दातांच्या डॉक्टरांना ही गोळी चालू आहे हे आधी सांगायचं, क्वचित जबड्याचं हाड भरत नाही. मांडी किंवा जांघ विनाकारण दुखायला लागली तरी डॉक्टरांना दाखवायचं.

सोमवार चुकलाच, तर आठवण झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी एक घ्या आणि पुढची परत सोमवारीच. एका दिवशी दोन कधीच नाहीत.